चारही चॅनेल बंद होते

देवाला हात जोडतो, पण भूतबित मला कधी पटलं नाही. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो... बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, हेच पोरांना सांगत आलोय. म्हणून हे इथे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

आम्ही कळंब्यात राहतो. मी, बायको आणि वरच्या मजल्यावर थोरला भाऊ, सुहासदादा. शिरोली एमआयडीसीत त्याचं पावडर कोटिंगचं छोटं शेड आहे. लोखंडी पार्टवर रंगाची पूड मारायची आणि खोलीएवढ्या ओव्हनमध्ये भाजून पक्की करायची, असं काम.

लहानपणी आम्हा दोघांत मिळून हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम होता. दादाला त्याची धून रिंगटोनला हवी होती. त्या गेमच्या जुन्या कार्ट्रिजमधून, म्हणजे कॅसेटमधून, ऑडिओ काढला खरा, पण कॉम्प्युटरवर नीट वाजेना... धून पळायची, मध्येच खरखर. त्या सोमवारी एमआयडीसी बंद, मीही रजा टाकलेली. दादा एकटाच शेडवर साफसफाईला गेला. मी जेवून हेडफोन लावून बसलो.

स्पीड एकदाचा जमला. आणि धुनीच्या मागे बारीक, पत्र्याआडून आल्यासारखा आवाज —

"बाळ्या, दार उघड की."

मला बाळ्या म्हणणारा दादाच. हेडफोन काढून जिन्यात बघितलं. कोणी नाही. म्हटलं, खरखरीतून शब्दांचा भास होतो कधीकधी. या ऑडिओत चार चॅनेल, म्हणजे एकत्र वाजणारे आवाजाचे चार वेगळे पट्टे असतात. दोष कुठल्यात आहे ते बघायला एकेक बंद करत गेलो. पहिलं बंद... आवाज तसाच. दुसरं, तिसरं. शेवटी खरखरीचं चौथंही बंद केलं.

आता कानात काहीच यायला नको होतं.

"बाळ्या... दार उघड की. जीव गुदमरायलाय."

दादाला फोन लावला. नुसती रिंग. परत लावला, तेच.

"शेडवर जाऊन येतो," मी चप्पल घालत म्हणालो.

"अहो, पण झालंय काय?" बायको मागून ओरडली.

तोवर मी फाटकाबाहेर पडलो होतो.

शिरोलीपर्यंत गाडी कशी मारली ते आठवत नाही. शटर अर्धं वर, दादाचा मोबाईल टेबलावर, आणि ओव्हनच्या दाराला बाहेरून कडी. आतून साधी थापसुद्धा नाही. दार ओढलं तर कोंदट वाफ अंगावर आली. दादा कोपऱ्यात, गुडघ्यात डोकं घालून, घामानं निथळत बसलेला. आतून पुसत असताना मागे दार लागलं, कडी कशी पडली कुणास ठाऊक... ओव्हन चालू नव्हता म्हणून वाचला.

पाणी पाजलं, घरी आणलं. संध्याकाळी जरा सावरल्यावर म्हणालो, "दादा, तुझ्या हाका मला इथं घरात ऐकू आल्या."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मी कुठं हाका मारल्या? तोंडातनं आवाजच फुटत न्हवता."

"मग 'बाळ्या, दार उघड की' कोण म्हणत होतं?"

तो उठला, खोलीचं दार उघडं आहे ना ते बघून परत बसला.

"त्यो... माझ्या शेजारी बसलाता. अंधारात दिसत न्हवता, पर खांद्याला खांदा लागत हुता. मी गप ऐकत हुतो. तुझं नाव ह्याला कुणी सांगितलं, ह्योच इचार करत."

"अरे, पण दार उघडलं तेव्हा तू एकटाच होतास की!"

"व्हय. मला भायेर काढल्यावर दार परत लावलंस काय?"

लावलं होतं. कडीसकट. का लावलं, ते आजही सांगता येत नाही... हात आपसूक गेला.

दादा आता दुसऱ्याच्या शेडवर माल भाजून घेतो. आमचा ओव्हन विकायचाय, पण गिऱ्हाइकाला दाखवायचा म्हणजे आधी उघडायला पाहिजे... आणि ते आमच्यापैकी कुणाच्यानं होत नाही. खूप डोकं चालवलं, पण कारण सापडलेलं नाही. आत जो कोण होता, त्याला मी ओळखत नाही. पण हाका माझ्याच नावानं होत्या... आणि कडी मीच लावून आलोय.