नेरेइदाच्या शिव्या

आमच्या नेरेइदाचं तोंड म्हणजे तोफखाना. लग्न झाल्यापासून ऐकतोय, मला विचारा.

तिकडे आमच्या बेटावर सान पेद्रोला असताना ती बेसबॉलच्या मैदानाच्या जाळीमागे बसून यानिकेके, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळायची. हिची बहीण वारल्यावर तिचा पोरगा अनेउरी हिनेच वाढवला. तो बॅट घेऊन उभा राहिला की ही ओरडायची, "अरे मेल्या, बॅट आहे की झाडू? चल घरी, अंगण झाडायचंय!" आमच्याकडे रीतच आहे ती. आपल्या पोराला आपणच शिव्या घालायच्या. परक्याने घातल्या तर त्याचं डोकं फोडायचं. अनेउरी दात काढायचा आणि पुढचाच चेंडू उसाच्या शेतात.

पुढे अमेरिकेतल्या एका लहान शहराच्या संघात त्याने धुमाकूळ घातला. मग त्याला न्यूयॉर्कने उचललं. आम्ही आता इथे न्यूयॉर्कलाच राहतो, मी टॅक्सी चालवतो. म्हटलं, चला, पोरगं घरी आलं. कसलं काय! दोन सामने कोरडे गेले की पेपरात फोटो, टीव्हीवर पंचनामा, आणि न्हाव्याच्या दुकानात माझी बिनपाण्याने. "काय हो, तुमचा भाचा झोपा काढायचा पगार घेतो का?" अरे, त्याने बॅट धरायची की तुम्हा सगळ्यांचं ओझं उचलायचं? हात आखडले त्याचे. शेवटी मॅनेजरने सांगून टाकलं, या रविवारी नाही मारलंस तर खालच्या संघात.

नेरेइदा म्हणाली, "घरचं कुणी शिव्या देत नाही ना त्याला, म्हणून हात गारठलेत."

"बये, हे सान पेद्रो नाही. गप्प बस," मी म्हटलं. पण ऐकेल तर ती नेरेइदा कसली!

रविवारी दुपारी आम्ही मैदानात, तिन्ही बेस भरलेले आणि अनेउरीची पाळी. ही खुर्चीवर चढली. "अरे मेल्या, बॅट आहे की झाडू? चल घरी!" आसपासचे आपलेच लोक हसले, त्यांनीही चार घातल्या. पण मागच्या रांगांना आपली रीत कुठली माहीत? बघता बघता अख्खं मैदान त्याची हुर्यो उडवायला लागलं, आणि त्यात मायेचा लवलेश नव्हता. मागच्या एकाने तर हिची पाठ थोपटली. "बरोबर बोललात बाई! हाकला त्याला!"

"हाकला काय, मुडद्या? माझा पोरगा आहे तो!" ही किंचाळली. पण ऐकतो कोण? तिकडे अनेउरी मान वळवून वर बघत होता. परत उभा राहिला, तिसरा चेंडू सरळ आला आणि गेला. बॅट खांद्यावरच, आणि पोरगं बाद.

संध्याकाळी तो बॅग घेऊनच जेवायला आला. सकाळी खालच्या संघाकडे निघायचं होतं. मला इतका संताप आला होता, की कुणावर काढू तेच कळेना. या शहरावर, पेपरवाल्यांवर, की या बाईवर? नेरेइदाने त्याच्या ताटात भात वाढला आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

"माझा आवाज ओळखलास का रे?"

"तोच तर शोधत होतो, मावशी," तो म्हणाला. "तेवढ्यात चेंडू गेला."