बाबा जिवंत असताना काढलेली मिशी

"रात्रभर गाढ झोप लागते, हा तुमचा गैरसमज आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. "झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास अडकतो आणि गुदमरून झोप मोडते. सकाळी तुम्हाला काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. उपचार होईपर्यंत गाडी चालवायची नाही."

मी ब्रह्मपुरी डेपोचा बस ड्रायव्हर. चंद्रपूरच्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ. गाडी चालवायची नाही तर मी करायचं काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सुरुवात घोरण्यापासून झाली होती, पण घोरणाऱ्याला आजारी कोण म्हणतो? आमच्याकडे त्याला सुखी म्हणतात. पुढे दिवसा डुलक्या येऊ लागल्या. नागभीडच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली की डोळा लागायचा. एकदा भर दुपारी भरल्या गाडीचं चाक रस्ता सोडून धानाच्या बांधाला जाऊन टेकलं. कोणाला खरचटलंही नाही, पण मागून आवाज आला, "ड्रायव्हर पेऊन हाये." उभ्या जन्मात थेंब न घेतलेला मी, त्या दिवशी मान खाली घालून घरी आलो. तो डाग पुसल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

उपचार म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र. नाकावर मास्क लावायचा, त्यातून यंत्र हवा दाबून सोडतं आणि त्या दाबानं घसा उघडा राहतो. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. यंत्र नवीनच होतं. डॉक्टरांनी विलायतेतल्या मित्राकडून मागवून मला वापरायला दिलं.

पहिले पंधरा दिवस वाया गेले. माझ्या झुपकेदार मिशीवर मास्क बसेना, हवा फुर्रकन बाहेर जायची. बायको म्हणाली, "चक्की तं आणली घरात, पीठ काही पडत नाई."

पुन्हा नागपूर गाठलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "मिशी काढा."

मी मिशीसकट परत आलो. आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरते, आणि माझे बाबा तर ठणठणीत होते. यंत्र कोपऱ्यात पडून राहिलं. उपचारासाठी घेतलेली रजा संपत आली.

शेवटी बाबांनीच खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. त्यांनी माझ्या मिशीकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "मी मेल्यावर तं काढशीनच. आता माह्या डोयासमोर काढ. मले पाह्याले तरी भेटन." न्हाव्याला त्यांनीच बोलावलं आणि वस्तरा फिरेपर्यंत समोर बसून राहिले. माझे डोळे भरून आले. डोळ्यात साबण गेला, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी मला बसस्टँडवर बिनमिशीचं पाहिलं आणि बाबा गेल्याची बातमी पसरली. डोक्यावर केस जागच्या जागी होते, पण तिकडे कोण पाहतो! दुपारी नागभीडची आत्या गणगोतासह रडत दारात हजर. बाबा ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसले होते.

"कोन गेलं गा?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तूच गेला म्हणून आलो नं भाऊ," आत्या म्हणाली आणि आणखीच रडू लागली. चहा होईपर्यंत ती बाबांचा हात सोडायला तयार नव्हती.

आता मास्क घट्ट बसला. लाइन गेली की यंत्र बंद पडायचं आणि मी दचकून उठायचो. तेही अंगवळणी पडलं. एका सकाळी उठलो तर डोकं हलकं होतं. कित्येक वर्षांत असं उठलो नव्हतो. महिन्याभरानं डॉक्टरांनी फिट असल्याचं लिहून दिलं.

तुमच्या घरी कोणी घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका, आळशीही म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. मिशीचं म्हणाल तर ती पुन्हा येते.

पहिल्या फेरीला बाबा धुतलेलं धोतर नेसून माझ्या मागच्याच सीटवर बसले. "मी जित्ता हावो, हे लोकायले दिसलं पायजे," म्हणाले. नागभीडला खिडकीतून सगळ्यांना रामराम घालून झाला. पुढे जंगल लागलं, तेव्हा मी आरशात पाहिलं. बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. त्यांच्यामागे अर्धी गाडी झोपली होती. मी मात्र टक्क जागा होतो, थेट चंद्रपूरपर्यंत.