अलगोल मंदावताना

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून मी एक तारा विझताना पाहिला. धावत खाली आले आणि घरभर ओरडले, "मी शोध लावला! तारा मेला!" केवढी शहाणी होते मी!

सासूबाई म्हणाल्या, "मेला तर मेला. आता सगळ्यांनी आंघोळी करायच्या का?"

ह्यांनी मात्र हसू दाबत मला परत वर नेलं. "अगं, तो अलगोल. ते दोन तारे हायेत. मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढं आला की ग्रहण लागतं. थांब की जरा, उजळंल."

उजळला. माझी शोधाची खुमखुमी मात्र उतरली नाही. मग दर हिवाळ्यात आम्ही चादरी पांघरून, तो किती मंदावला ते शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचो. एकाचा अंदाज ऐकला की दुसऱ्याचा डोळा फसतो, म्हणून दोघांनी एकदम बोलायचं, हा नियम. माझा अंदाज हटकून चुकायचा, आणि वर मीच भांडायचे, "तुमचा चष्मा पुसा आधी!"

ह्यांना जाऊन बरेच हिवाळे झाले. नात म्हणते, "आजी, असले जोडतारे आता संगणक ढिगानं शोधतो. डोळ्यांनी कोण बघतं?"

मी बघते. कालही अलगोल मंदावला. अंदाज जिभेवर आला, तरी सवयीनं थांबले, एकदम बोलायचं म्हणून. शेवटी एकटीच बोलले. बरोबर आला की चुकला, कोण सांगणार? चष्मा पुसला, तो माझाच.