शेपटी कोण धरणार?

मुलावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंना त्याने माझ्यादेखत सांगितलं, "आईला फार खोलात सांगू नका, तिला कळणार नाही." फुफ्फुसातली गाठ माझी, सुई माझ्या हातात जाणार, आणि कळणार मात्र याला! शहाडला मासळीची एक टोपली घेऊन बसले होते, आज दोन गाळे आहेत. ते काय न कळताच झाले?

मी म्हटलं, "संमतीच्या कागदावर सही करणार नाही. आधी सुईतलं हे औषध नेमकं काय करतं ते सांगा."

बाईंनी कागदावर गोल काढला. ही कॅन्सरची पेशी. तिच्या अंगावर एक प्रथिन असतं. शरीराची सैनिक पेशी तिला मारायला आली, की हे प्रथिन हात आडवा करून त्या सैनिकाला परत पाठवतं. औषध तो हात धरून ठेवतं, मग सैनिक कामाला लागतो.

"झालं ना? कर सही," मुलगा म्हणाला.

"गप रे! मासा घेताना कल्ला उचलून आत बघायचं, हे तुला किती वेळा शिकवलं? तरी परवा लिलावातून शिळी सुरमई आणलीसच ना?" मग बाईंकडे वळले. "हात बाहेर आहे. आत काय आहे?"

बाईंनी गोलाच्या आत एक शेपटी काढली. "हे प्रथिन पेशीच्या कातडीतून आरपार गेलेलं असतं. आतली ही शेपटी स्वतःच्याच पेशीला निरोप देते: वाढ, मरू नकोस."

"म्हणजे दारात सांगायचं घरी कुणी नाही, आणि आत पंगत वाढायची! तुम्ही हात धरलात. शेपटी कोण धरणार?"

"हात धरल्यावर कधी शेपटीही गप्प होते, कधी होत नाही. तुमच्यात काय होईल, खरं सांगू मावशी? मला माहीत नाही. अजून शोध चाललाय."

मुलाने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, मी आता उठून जाणार. पण "ताजीच आहे" अशी शपथ घेणाऱ्याकडून मी कधी मासळी उचलत नाही. "मावशी, ही कालची आहे" म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाते. मी पेन मागितलं.

"बुधवारी या," बाई म्हणाल्या.

"बुधवार धंद्याचा. सोमवार द्या, त्या दिवशी कोण मासे खातंय?"

"गुरुवार?"

"चालेल, तोही उपासाचाच."

परतताना कल्याण येईपर्यंत मी मुलाला लोकलमध्ये ती शेपटी समजावत होते. त्याला कळली नाही.