फाडून टाकायच्या चिठ्ठ्या

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झालो होतो. माझे अक्षर चांगले म्हणून एक तरुण डॉक्टर माझ्याकडे काम घेऊन आले. रक्तातून पसरणाऱ्या नव्या रोगासंबंधी त्यांना पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांची पाहणी करायची होती. मतदारयादीतले दर दहावे घर घ्यावे, असे मी सुचवले.

ते हसले. "गुरुजी, दारात उभं राहून विचारल्यावर कोण कबूल करेल? जो भेटलाय त्याला तीन चिठ्ठ्या द्यायच्या. तो त्याच्यासारख्या तिघांना देईल, ते पुढं आणखी तिघांना. नाव नाही; फक्त क्रमांक, वार आणि तपासणीच्या खोलीचा पत्ता. वाचून फाडून टाकायची."

मी चिठ्ठ्या लिहिल्या. त्या लोकांविषयी मनात किळस होती. तिला मी धर्मबुद्धी समजत होतो. मात्र 'श्री' लिहिल्याशिवाय कोऱ्या कागदावर माझा हात चालत नसे. प्रत्येक चिठ्ठीच्या शिरावर 'श्री' आले. डॉक्टरांना त्यात काही खटकले नाही.

उचगावच्या एका शेतकरी घरातला धाकटा मुलगा पूर्वी माझ्याकडे स्तोत्रे शिकला होता. आता तो दूध डेअरीत कारकून होता. एक चिठ्ठी त्याच्या हाती पोचली. देवाचे नाव असलेला कागद फाडू नये, हे त्याला मीच शिकवले होते. त्याने ती देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवली. देव घासायला काढताना ती वहिनीला सापडली.

थोरला भाऊ त्याला दंडाला धरून माझ्या अंगणात घेऊन आला.

"गुरुजी, अक्षर तुमचंच न्हवं?"

"माझेच."

"ह्यो म्हणतोय, रगात तपासायचा कागद हाय. खरं काय?"

धाकट्याची नजर माझ्या पायांवर होती. "गुरुजी, एवढं व्हय म्हणा की," तो पुटपुटला.

रक्त तपासणार होते, हे खरेच होते. तेवढ्यावर थांबता आले असते. परंतु अर्धे सत्य हे असत्यच, असे मी जन्मभर सांगत आलो होतो. ती चिठ्ठी कोणत्या पुरुषांसाठी आहे आणि कोणाकडून हाती येते, हे मी वर्गात श्लोकाचा अन्वय लावावा तसे सावकाश उलगडून सांगितले.

"तुझ्यासाठी पोरी बघत हिंडतोय व्हय रं मी!" म्हणत भावाने पायातली चप्पल काढली.

मी 'पुरे' म्हटले नाही. तुळशीपाशी मारू नका, एवढेच म्हणालो. भावाने त्याला रस्त्यावर ओढत नेले.

महिन्याच्या आत मलकापूरकडची एक मुलगी पाहून त्याचे लग्न उरकण्यात आले. मंगलाष्टकांसाठी मलाच बोलावणे आले आणि मी गेलो. मांडवात मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतले.

"पोरगं कसं हाय, गुरुजी? तुमी सांगाल त्ये खरं."

"माझा विद्यार्थी आहे," मी म्हणालो आणि अंतरपाट धरायला सांगितला.