उसन्या नायकाची वही

"उसनं भांडं रिकामं परत देऊ नये," असं अण्णा म्हणायचे, आणि म्हणताना समोरच्याची वही दोन्ही हातांवर घेऊन तिचं वजन पाहिल्यासारखं करायचे. भांड्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते बोलत असायचे गोष्टींबद्दल. दुसऱ्या कुणीतरी निर्माण केलेला नायक उसना घेऊन लिहिलेल्या गोष्टींबद्दल.

तुम्ही वाचणारी माणसं आहात, म्हणून जरा नीट सांगते. पन्नास सालानंतर बंगळूरला, बसवनगुडीत, आमच्या मराठी मंडळाचं एक वाचनालय होतं. दोन खोल्या, चार कपाटं, एक लांब टेबल. मुंबईहून दरमहा 'गुप्तहेर नीळकंठ' या नायकाची एक नवी कादंबरी टपालानं यायची. यायची म्हणजे यायला हवी असायची. कधी पार्सल महिनाभर उशिरा, कधी मधलाच एखादा भाग गहाळ. एकदा असे सलग दोन भाग आले नाहीत, तेव्हा पोस्टातल्या एका सभासदानं वैतागून स्वतःच नीळकंठाची गोष्ट लिहिली आणि टेबलावर ठेवली. मग दुसऱ्यानं लिहिली. वर्षभरात त्या गोष्टींचं हस्तलिखित मासिक सुरू झालं. प्रत एकच, आणि ती घरी न्यायला नंबर लावावा लागायचा.

त्याचे संपादक अण्णा. दिवसा ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, संध्याकाळी वाचनालय उघडायचे. मूळचे बेळगावकडचे, कन्नड आणि मराठी सारख्याच सफाईनं बोलणारे. वय पन्नाशीचं. नाव सांगत नाही. ते ज्या कारणासाठी घेतलं जायला हवं होतं, त्या कारणासाठी ते कुणी घेतलं नाही, आणि आता मी घेऊन उपयोग नाही.

आलेली गोष्ट ते उभ्यानं वाचायचे. कपाटाला पाठ टेकवून, चष्मा कपाळावर, वही नाकाजवळ. बहुतेक गोष्टी उभ्यानंच संपायच्या. एखादीच अशी निघायची की तिसऱ्या-चौथ्या पानावर अण्णा न बघता पायानं स्टूल ओढायचे आणि बसायचे. अण्णा बसले की वाचनालयातली माणसं एकमेकांकडे बघायची. ती गोष्ट वाचण्यासारखी आहे, हे त्या क्षणी ठरलेलं असायचं.

पोस्टातल्या त्या सभासदाची गत वाईट होती. त्याच्या प्रत्येक गोष्टीत नीळकंठ संकटात सापडायचा आणि त्याला सोडवायला पोस्टातलाच एक उंच, देखणा, निर्भय कारकून धावून यायचा. अण्णा वही परत देताना म्हणायचे, "कारकून छान आहे की हो. पण नीळकंठाला का बोलावलंत? त्या बिचाऱ्याला नुसतं बघत बसवलंत." पोस्टातला माणूस खूश होऊन घरी जायचा. त्याला फक्त पहिलं वाक्य ऐकू यायचं.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमचं घराणं बंगळुरात चार पिढ्यांचं. 'स्वल्प भात वाढ गं' यातलं कन्नड 'स्वल्प' आमच्या घरी मराठीच समजलं जायचं. मीही एक गोष्ट लिहून नेली. सुरुवातीचं दीड पान नीळकंठाच्या डोळ्यांचं, कपाळाचं आणि बुद्धीचं वर्णन. अण्णांनी दुसऱ्या पानावरच वही मिटली.

"आरती झाली, आता प्रसाद दे की पोरी."

"म्हणजे?"

"तो हुशार आहे हे मुंबईवाल्यानं सांगितलंय. तीस पुस्तकांत सांगितलंय. तू त्यानं न सांगितलेलं काय आणलीस?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी संवादांवर अंगठा ठेवला. बोलणाऱ्याचं नाव झाकायचं आणि नुसतं वाक्य वाचायचं. "कोण बोललं हे?" मला सांगता येईना. माझीच गोष्ट, आणि मला सांगता येईना. अण्णांनी वही परत दिली. "अंगठा ठेवला तरी माणूस ओळखू आला पाहिजे. शुद्धलेखन मी करीन गं, रोजचं कामच आहे माझं. जीव मी कुठनं घालू?"

चौथ्या गोष्टीला अण्णा बसले. मी दाराशी उभी होते, छत्री घट्ट धरून. त्या दिवशी मला जे वाटलं, ते पुढे छापून आलेल्या कुठल्याही गोष्टीनं वाटलं नाही. ते असं वाटलं होतं हे लक्षात असूनही मी पुढे वागायचं तसंच वागले.

अण्णा स्वतः लिहितात हे कुणाला माहीत नव्हतं. मासिकात त्यांचं एक अक्षर नसायचं. "परीक्षकानं आपलाच पेपर तपासू नये," एवढंच म्हणायचे. पण एका संध्याकाळी, वाचनालयात दुसरं कुणी नसताना, त्यांनी कापडी पिशवीतून जांभळ्या शाईनं लिहिलेली एक वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "बघ. उभ्यानं वाच."

मी उभ्यानं सुरुवात केली आणि पाचव्या ओळीला बसले.

नीळकंठाच्या घरी सरूबाई नावाची स्वयंपाकीण होती. मूळ पुस्तकांत तिचं काम एकच. चहा आणून ठेवायचा आणि जायचं. तीस पुस्तकांत तिला चेहरा नव्हता. अण्णांची गोष्ट तिची होती. खुनाच्या संशयावरून नीळकंठ ज्या फरारी माणसाला शहरभर शोधतोय, तो दुपारी पाणी मागायला नेमका त्याच्याच घरी येतो. सरूबाई त्याला जेवायला वाढते. तो पहिला घास न खाता कुणासाठी तरी बाजूला, खाली ठेवतो, मग दुसरा ठेवतो, आणि तिच्या लक्षात येतं की याच्यावर कुणीतरी अवलंबून आहे, आणि यानं खून केलेला नाही. ती त्याला मागच्या दारानं जाऊ देते. संध्याकाळी खरा गुन्हेगार पकडून नीळकंठ घरी येतो. "कोणी आलं होतं का?" तो विचारतो. "नाही," सरूबाई म्हणते, आणि चहा ठेवून आत जाते. गोष्ट संपते. सगळं जग ओळखणाऱ्या त्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात काय झालं ते कळत नाही.

"कशी आहे?" अण्णांनी विचारलं.

मी वही परत पहिल्या पानापासून वाचायला लागले. अण्णांनी ते उत्तर समजून घेतलं आणि वही पिशवीत ठेवली. ती वाचलेली मी एकटी. तिच्यावर त्यांनी तारीख घातली नव्हती. कशाला घालतील?

दोन वर्षांनी मंडळाच्या वार्षिक समारंभाला नीळकंठाचे खुद्द लेखक पाहुणे म्हणून आले. आमच्या कार्यवाहांनी खटपट करून आणले होते. अण्णांनी त्या दिवशी कोट घातला होता. समारंभानंतर चहापानात ते पुढे झाले आणि ती जांभळी वही लेखकांच्या हातात दिली. "आपलं लेकरू आहे. काही दिवस माझ्याकडे राहून आलंय. सवडीनं बघा," म्हणाले. लेखकांनी वही उघडली नाही. "वा, वा," म्हणत पिशवीत टाकली. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "वाचक असं लिहायला लागल्यावर आम्ही काय वाचकांचं काम करायचं?" सगळे हसले. अण्णाही हसले. मीही.

त्याच चहापानात मी माझी एक गोष्ट लेखकांना दिली होती. ती नीळकंठाची नव्हती, माझी स्वतःची होती. ते एका दिवाळी अंकाचं संपादनही करायचे.

चार महिन्यांनी अण्णांची वही टपालानं परत आली. सोबत चिठ्ठी नव्हती. आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांनी नीळकंठाचं नवं पुस्तक आलं. फरारी माणूस, दुपारची वेळ, सरूबाईचं वाढणं, खाली ठेवलेले दोन घास, सगळं तेच. फक्त शेवट वेगळा. नीळकंठ दाराआड उभा राहून सगळं पाहत होता असं निघतं आणि तो सरूबाईची पाठ थोपटतो. म्हणजे चोरली ती चोरली, वर मोडून ठेवली.

अण्णांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी वाचनालयाच्या टेबलावर ते पुस्तक ठेवलं, शेजारी आपली वही ठेवली, आणि एका कागदावर लिहिलं, 'कृपया दोन्ही वाचावे.' त्यांना वाटलं, वाचणारी माणसं आहेत, वाचतील आणि ओळखतील.

लोकांनी दोन्ही वाचलं आणि म्हणाले, अण्णांनी उतरवून काढलंय. पुस्तक छापलेलं, वही हातानं लिहिलेली. कुठली आधीची हे सांगायची गरजच कुणाला वाटली नाही. पोस्टातला सभासद तर सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या गोष्टी नाकारायचे, आणि स्वतः बघा."

कार्यवाहांनी रविवारी सकाळी बैठक बोलावली. पाहुण्या लेखकांच्या कानावर गेलं तर मंडळाची शोभा होईल, ही त्यांची काळजी.

"अण्णा, या वयात हे कशाला हो?" ते म्हणाले. "वही आधीची आहे म्हणता. कुणी पाहिली होती का आधी?"

अण्णा माझ्याकडे बघून हसले. काळजी सरलेल्या माणसासारखे. "हिनं वाचलीय की. तीन वर्षं झाली. हिलाच विचारा."

सगळे माझ्याकडे वळले.

आता खरं सांगते. त्याच्या पंधरा दिवस आधी मला मुंबईहून पत्र आलं होतं. 'आपली कथा यंदाच्या दिवाळी अंकात घेत आहे.' खाली त्याच लेखकांची सही. ते पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. बैठकीतही ते पर्समध्ये होतं, आणि पर्स मांडीवर होती.

"अण्णांनी मला काहीतरी वाचायला दिलं होतं," मी म्हणाले. "पण ती हीच गोष्ट का, ते आता नक्की आठवत नाही."

साफ खोटं बोलले असते तर निदान कुणीतरी रागावलं असतं. मी अर्धं खोटं बोलले आणि सगळ्यांना ते समंजसपणाचं वाटलं. कार्यवाहांनी मान डोलावली.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मुद्रितातली चूक शोधताना पाहतात तसं. मग वही पिशवीत घातली, खिशातून वाचनालयाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"सरी," ते म्हणाले. कन्नडमधलं 'ठीक आहे', एवढंच.

माझी कथा दिवाळी अंकात आली. शाळेत पेढे वाटले गेले. संपादकांनी शेवट बदलला होता, आणि मी आभाराचं पत्र लिहिलं. त्या कथेतली सगळ्यात चांगली दोन वाक्यं अण्णांनी सुचवलेली होती, तीही तशीच छापली गेली, माझ्या नावावर.

हस्तलिखित मासिक तीन महिन्यांत बंद पडलं. गोष्टी येत राहिल्या होत्या, पण कुठली बरी आणि कुठली टाकाऊ हे सांगणारं कुणी नव्हतं. सगळ्याच घ्यायच्या म्हटल्यावर एकही वाचवेना.

नोकरी संपल्यावर अण्णा आनेकलला विधवा बहिणीकडे राहायला गेले. मी एकदा गेले होते, चार-पाच वर्षांनी. बसनं दीड तास. तळ्याच्या बाजूला कौलारू खोली, दारात वाळत घातलेल्या मिरच्या. अण्णांची नजर फार अधू झाली होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"या, या. आपण इतक्या लांब कशा काय?"

मी दारातच थांबले. अण्णांनी मला कधी 'पोरी'शिवाय हाक मारली नव्हती. त्यांनी खुर्ची पुसून दिली, बहिणीला कॉफी करायला सांगितली, माझ्या शाळेची चौकशी केली. सगळं रीतसर. प्रत्येक वाक्यात 'आपण'. परगावच्या पाहुण्यांशी बोलावं तसं.

शेवटी मी म्हणाले, "अण्णा, मला आठवत होतं."

"मला माहीत आहे की."

"तेव्हा ते पत्र आलं होतं, म्हणून मी—"

"कॉफी निवते आपली," अण्णा म्हणाले.

कॉफी संपवून मी विचारलं, वही कुठे आहे? मला द्याल का? मी कुठंतरी छापून आणीन, खरं काय ते लिहीन.

"पहिल्या पावसाळ्यात कौलं गळाली, तेव्हा भिजली. शाई जांभळी होती, धुऊन गेली." मग म्हणाले, "आणि आता ती कुणी वाचली, तर उतरवलेलीच वाटणार. पुस्तक आधी वाचलेलं असणार ना लोकांनी."

बसपर्यंत ते सोबत आले. कंडक्टरला कन्नडमध्ये सांगितलं, या बाई बसवनगुडीच्या आहेत, नीट उतरवा. माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. अण्णांनी मला नमस्कार करावा, हे मला खिडकीतून बघावं लागलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीचं कार्ड आलं. मंडळानं शोकसभा ठेवली. कार्यवाह बोलले, पोस्टातले सभासद बोलले, 'आमचे कठोर पण प्रेमळ परीक्षक' असं म्हणाले. मग माझं नाव पुकारलं गेलं. तोवर माझी दोन पुस्तकं आली होती आणि अशा सभांना मला बोलवायची पद्धत पडली होती. टेबलावर अण्णांचा फोटो, हार. मी घरून ठरवून आले होते. वहीबद्दल सांगायचं, बैठकीबद्दल सांगायचं, पत्राबद्दलही. समोर पहिल्या रांगेत कार्यवाह बसले होते, सत्तरी उलटलेले, प्रसन्न चेहऱ्याचे.

मी दहा मिनिटं बोलले. अण्णांच्या स्टुलाबद्दल बोलले, अंगठ्याबद्दल बोलले, आरतीच्या गमतीवर लोक हसले, शेवटाकडे काहींनी डोळे टिपले. वहीबद्दल मी बोलले नाही.

बोलणं इतकं चांगलं झालं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मीही सवयीनं हात जोडून हसले आणि जागेवर जाऊन बसले.