काजळीआडची आई

जुना सिनेमा नव्या, उजळलेल्या प्रिंटमध्ये पुन्हा लागला होता आणि मी थिएटरबाहेर 'बंद करा' अशी पत्रकं वाटत होतो. त्यात 'जंगली' लोकांचा नाच आहे. अंगभर काजळी, डोक्याला पिसं, तोंडी 'झिंगा हुर्रर्र'. ही टिंगल पुन्हा विकायची कशाला?

आदिवासी पाड्यावरून आलेल्या भीमाताईंनी मला हटकलं. "त्या नाचात माझी आई हाय. घरात तिचा एक फोटो नाय. नि तू बंद करतोस व्हय रे?"

मी त्यांच्याबरोबर आत गेलो.

नाच सुरू झाला. "आमी का कमी काळे होतो, वरून काजळी फासली ती?" त्या हसल्या. मग बोट उचललं. "ती तिसरी... नाय, पल्याडची."

गाणं संपेपर्यंत बोट हवेत फिरत राहिलं. नायिकेच्या कानातला मोतीसुद्धा लख्ख दिसत होता.

अपमान पुसून टाकला की झालं, असं आम्हा चिडक्यांना वाटतं. पण त्याच्याखाली माणूस असतो. पुसताना तोही जातो.

बाहेर आल्यावर भीमाताई म्हणाल्या, "दाखवू दे सिनेमा. पण आदी हे सांगू दे, की तिचं नाव सोनी होतं."

मी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.